दोन बदकांसाठी नव्हे, भावोजी

आज भाचीच्या साखरपुड्यात जेवताना आसामचा विषय निघाला. पुतण्या डिसेंबरात तिकडे फिरायला चाललाय, तर मी त्याला म्हटलं मागुरीला नक्की जा, आणि का जा तेही सांगायला लागले. तेलविहिरीची गोष्ट अर्ध्यावर आली असताना भावोजी पलीकडून म्हणाले, "म्हणजे काय, दोन बदकांसाठी देशाचं तेल जमिनीत ठेवायचं?" सगळे हसले. शुभकार्यात वाद नको म्हणून मी गप्प बसले. आता घरी आलेय, आणि गप्प बसायचं काही कारण उरलेलं नाही.

भावोजी, तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. राग मानू नका. मानायचा तर माना.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी जागा सांगते. आसामच्या अगदी वरच्या टोकाला, तिनसुकिया आणि दिब्रूगढ जिल्ह्यांत, दिब्रू-सैखोवा नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. ब्रह्मपुत्रा, लोहित आणि दिब्रू या नद्यांच्या मधला 340 चौरस किलोमीटरचा प्रदेश. उंच गवत, दलदल, पाण्यात उभं असलेलं जंगल, आणि दुसऱ्या महायुद्धात मागे राहिलेल्या घोड्यांचे वंशज म्हणून ओळखले जाणारे रानघोडे. 1999 साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याला लागूनच दक्षिणेला मागुरी-मोटापुंग बील. बील म्हणजे तिकडचं मोठं, उथळ, नदीशी जोडलेलं तळं. हिवाळ्यात तिथे चक्रवाक येतात, पट्टकदंब येतात, आणि गवतात असे काही पक्षी राहतात जे जगात फार थोड्या ठिकाणी उरलेत. आपल्याकडचे पक्षीवेडे पैसे साठवून तिथे जातात. मीही तशीच गेले होते, 2019 च्या जानेवारीत.

आमचा नावाडी पस्तिशीचा असेल. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला न विचारता लिहिणं बरं नाही. गाव बागजानच्या बाजूचं. शाळा फारशी झालेली नसावी, पण ब्लॅक-ब्रेस्टेड पॅरटबिल हे गवतातल्या पक्ष्याचं नाव तो आमच्यातल्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ म्हणायचा. पहाटेच्या धुक्यात अरुंद होडी गवताला लावून बसला आणि हातानंच आम्हाला गप्प राहा म्हणाला. बराच वेळ काहीच नाही. मग गवताचा एकच शेंडा हलला, वारा नसताना. त्यानं तिकडे बघितलंसुद्धा नाही, नुसती मान हलवली, की आला.

संध्याकाळी परत येताना सूर्य बुडाला तरी आभाळाची एक बाजू तांबडी राहिली. मला वाटलं कुठे जत्रा असेल. विचारलं तर म्हणाला, "गॅस है. कंपनी का. दिन-रात जलता है." मग त्याच्या घरी चहा प्यायलो. त्याची बायको चुलीत लाकडं सारत होती, धुरानं तिचे डोळे लाल झालेले. कोपऱ्यात सिलिंडर होता, तो पाहुणे आले की वापरायचा. आम्ही पाहुणे होतो, पण तो रिकामा होता.

मला तेव्हा हे खटकलं, पण पुण्यात परत आल्यावर मी फोटो टाकले पक्ष्यांचे. चुलीचा फोटो माझ्याकडे नाहीच.

27 मे 2020. बागजानमध्ये ऑइल इंडिया या सरकारी कंपनीच्या 5 नंबरच्या विहिरीवर दुरुस्तीचं काम चालू होतं, आणि विहीर फुटली. ब्लोआउट. खालचा वायू आणि त्याबरोबरचं तेल दाबानं वर उसळायला लागलं, थांबेना. राष्ट्रीय उद्यानाची हद्द तिथून एक किलोमीटरही नाही. तेलाचे थेंब गवतावर, चहाच्या झुडपांवर, छपरांवर, विहिरींत, बीलाच्या पाण्यात. मेलेले मासे वर आले. मागुरीत डॉल्फिन मेलेला सापडला, तोच गंगेतला डॉल्फिन, ज्याला आपण राष्ट्रीय जलचर म्हणून मिरवतो. आणि 9 जूनला त्या सगळ्यानं पेट घेतला. दोन अग्निशामक जवान गेले. कित्येक घरं जळाली. हजारो माणसं शाळांमधल्या छावण्यांत, तीही कोरोनाच्या दिवसांत, जेव्हा आपण इथे भाजीची पिशवी धुऊन घरात घेत होतो. त्यातच पूर. ती विहीर पूर्ण बंद झाली 15 नोव्हेंबरला. मेच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, भावोजी. तुमच्या बिल्डिंगचा जनरेटर एक रात्र चालला तर तुम्ही सेक्रेटरीला फोन करता.

मी त्या नावाड्याला तेव्हा फोन लावला होता. पहिल्यांदा मला वाटलं त्याच्याकडे वादळी पाऊस चालू आहे, इतका आवाज. तो म्हणाला पाऊस नाही, तोच आवाज आहे, रात्रंदिवस. मुलीला झोप लागत नाही म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "दीदी, वो घास जल गया." ते गवत जळलं. घराबद्दल मी विचारल्यावर सांगितलं. गवताबद्दल न विचारता.

हे लिहिताना आत्ता माझा राग जरा उतरलाय आणि दुसरंच काहीतरी वर आलंय. चहा करून आले.

तर, फायदा कुणाचा. बागजानच्या जमिनीखालून वायू निघतो. त्यावरची रॉयल्टी जाते दिसपूरच्या, म्हणजे आसाम सरकारच्या तिजोरीत. कर दिल्लीला. कंपनीचे बहुसंख्य शेअर केंद्र सरकारचे, म्हणजे लाभांशाचा मोठा वाटाही दिल्लीलाच, उरलेला तुमच्याआमच्यासारख्या शेअर आणि म्युच्युअल फंडवाल्यांना. विहिरीवर यंत्रं चालवायला खासगी कंत्राटदार, माणसं बाहेरची. दुलियाजानला कंपनीची वसाहत आहे, रुग्णालय, शाळा, नीट रस्ते, झाडं. दिगबोईला तर गोल्फचं मैदान आहे. मी दोन्हीकडून गेले आहे आणि छान वाटलं होतं बघून, खोटं कशाला बोलू. आणि तिथून थोड्या अंतरावर, ज्याच्या अंगणाखालचा वायू आहे त्याची बायको लाकडं जाळते आणि आभाळाकडे बघितलं की तोच वायू फुकट जळताना दिसतो.

दिगबोईला तेल लागलं 1889 मध्ये. 1901 साली तिथे आशियातली पहिली रिफायनरी सुरू झाली. म्हणजे टिळक केसरी चालवत होते तेव्हापासून त्या मातीतून तेल निघतंय. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ. इतक्या वर्षांत तेलानं भाग्य उजळायचं असतं तर वरच्या आसामातलं एकेक गाव आज कोल्हापूर-सांगलीच्या तोडीचं व्हायला हवं होतं. तिथल्या लोकांना हे मी सांगायची गरज नाही. 1950 च्या दशकात आसामचं तेल बिहारात बरौनीला न्यायचं ठरलं तेव्हा लोक रिफायनरी आमच्याकडेच हवी म्हणून रस्त्यावर उतरले, आणि गुवाहाटीला छोटी रिफायनरी मिळाली, 1962 साली. पुढे 1979 नंतरच्या आसाम आंदोलनात घोषणा होती, "तेज दिम, तेल निदिओं." रक्त देऊ, तेल देणार नाही. तेल बाहेर जाऊ नये म्हणून नाकेबंदी झाली. 1985 च्या आसाम करारात आणखी एका रिफायनरीचं आश्वासन मिळालं, ती नुमालीगढची. म्हणजे प्रत्येक वेळी ओरबाडून घ्यावं लागलं. आपोआप काही मिळालं नाही.

हो, मान्य आहे, त्या वायूवर नामरूपचा खत कारखाना चालतो, चहाच्या मळ्यांतल्या भट्ट्या चालतात, काही स्थानिक पोरांना कंपनीत नोकऱ्या आहेत आणि त्या चांगल्या नोकऱ्या आहेत. मान्य.

आणि हो, मी पण गाडी चालवते. गॅसवर स्वयंपाक करते. आसामला विमानानं गेले होते. पण मला तेल लागतं म्हणून कुणाच्याही अंगणात, कसंही, न विचारता खणायला माझी परवानगी आहे, हे कुणी ठरवलं? आपण आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. दिब्रू-सैखोवाच्या पोटातला शेवटचा थेंब उपसला तरी तुमच्या पेट्रोल पंपावरचा आकडा एका रुपयानं हलणार नाही. हे तुम्हालाही माहीत आहे. बँकेत आयुष्य गेलंय तुमचं, हिशेब तुम्हाला मी शिकवायला नको.

आता सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. विहीर फुटली 27 मेला. त्याच्या सोळा दिवस आधी, 11 मे 2020 रोजी, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं याच कंपनीला दिब्रू-सैखोवाच्या खाली आणखी सात ठिकाणी खोदायला पर्यावरण मंजुरी दिली होती. देश कुलूपबंद असताना. युक्तिवाद काय, तर खोदणार उद्यानाच्या बाहेरून, तिरकं, जमिनीखालून आत जाणार. जंगलाला हात लागणार नाही.

अहो, बागजानची 5 नंबरची विहीरही उद्यानाच्या बाहेरच होती!

कागदावरची हद्द तेलाच्या थेंबाला दिसत नाही. डॉल्फिनलाही दिसत नाही. पुढे राष्ट्रीय हरित लवादानं निवृत्त न्यायमूर्ती कटकी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कंपनीला सुरुवातीचे 25 कोटी रुपये जमा करायला सांगितलं. त्या समितीनं म्हटलं की विहीर चालवायला पाणी आणि हवेच्या कायद्याखाली ज्या संमती लागतात त्याच नव्हत्या. डिसेंबर 2020 मध्ये गौहाटी उच्च न्यायालयानं त्या सात ठिकाणच्या खोदकामाला स्थगिती दिली, कारण जैवविविधतेवर काय परिणाम होईल याचा जो अभ्यास सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्येच करायला सांगितला होता, तो झालेलाच नव्हता. मंजुरी मात्र झाली होती. अभ्यास नाही, मंजुरी आहे. आमच्या सोसायटीत बाल्कनीला ग्रिल लावायचं तर तीन सह्या लागतात.

आणि त्याच उद्यानाच्या आत दोन गावं आहेत, लाइका आणि दधिया. मिसिंग नावाच्या आदिवासी जमातीची. 1950 च्या भूकंपानंतर नद्यांनी पात्रं बदलली, यांची मूळ गावं गेली, तेव्हा ही माणसं तिथे येऊन राहिली. 1999 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि रातोरात त्यांचं राहणं बेकायदा ठरलं. मग त्यांना वीज नाही, रस्ता नाही, धड शाळा नाही, दवाखाना नाही, कारण काय, तर संरक्षित क्षेत्र आहे. पुनर्वसन दोन दशकं लटकलं. 2020 च्या अखेरीस बायकापोरांसकट ही माणसं तिनसुकियात थंडीत तंबू ठोकून बसली होती.

हे नीट वाचा. त्या जंगलात मिसिंग बाईच्या घरात एक बल्ब लागला तर कायदा मोडतो. आणि त्याच जंगलाच्या खाली हजारो मीटर खोल तेलाची नळी सारायला मंजुरी मिळते. मला याच्यापुढे वाक्य सुचत नाही.

म्हणून "जंगल की विकास" असा प्रश्न कुणी टाकला की मला तो प्रश्नच लबाडीचा वाटतो. त्या गावकऱ्यांना दोन्ही नाही मिळालं. जंगल राखायचं तर त्यांनी सोडायचं, आणि तेल काढायचं तरी त्यांनीच सोसायचं.

माझ्या नावाड्याला कुणी विचारलं होतं का, तुझ्या होडीच्या बाजूला विहीर खणू का? त्याच्याकडे धंदा होता, बरं का. होडी होती, पक्षी होते, हिवाळ्यात चार महिने पाहुणे होते. उरलेल्या दिवसांत मासे. कुणाचं कर्ज नाही, कुणाचं अनुदान नाही. सरकारी भाषेत ज्याला स्वयंरोजगार म्हणतात तो हाच ना? एका विहिरीनं एका पावसाळ्यात तो पुसून टाकला. त्याची भरपाई म्हणजे काय असते, मला खरंच कळत नाही. घर जळलं तर पैसे मोजता येतात. पहाटे गवताचा शेंडा हलला की ओळखायचं, हे तो बापाकडून शिकला होता. त्याला भाव काय लावायचा?

आता बदकांचं. भावोजी, तुम्ही दोन म्हणालात. मी एकाच बदकाची गोष्ट सांगते.

फेब्रुवारी 2021. विहीर बंद होऊन तीन महिने झालेले. मागुरीचं पाणी अजून कसंतरीच, काठचं गवत जळून काळं पडलेलं, नुकतं फुटायला लागलेलं. आणि त्या तळ्यावर मँडरिन बदक दिसलं. नर, नारिंगी पंखांचा, रंगवल्यासारखा. आसामात त्याची याआधीची नोंद होती 1902 ची. आमच्या सगळ्या ग्रुपांवर नुसता कल्लोळ. लोक कोलकात्याहून, बंगळूरहून, आपल्या पुण्यामुंबईहून विमानं पकडून धावले. ज्या होड्या आठ महिने काठाला उलट्या पडल्या होत्या त्या पाण्यात उतरल्या. मी जाऊ शकले नाही, पण नावाड्याचा फोन आला. आवाज नव्हता मागे कसलाच. म्हणाला, दीदी, रोज दोन फेऱ्या होतायत. मुलीची फी भरली.

एका बदकानं भरली ती फी. तेलानं नाही.

मला माहीत आहे की दरवर्षी असलं बदक येत नाही, आणि पर्यटनावर सगळं गाव जगत नाही. पण मग जे येतं त्याला तरी यायला जागा ठेवा! भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी तिथे जाऊन अभ्यास केला, विषारी द्रव्यं माती-पाण्यात दीर्घकाळ राहतील असं लिहिलं. तो अहवाल आणि तो फोन, दोन्ही खरे आहेत. एक बदक आलं म्हणजे मागुरी बरी झाली असं मी म्हणत नाही. तिथले लोकही म्हणत नाहीत.

आणखी एक सांगते, आपल्या घरचं. त्याच 2020 साली केंद्रानं कोळशाच्या खाणींचा लिलाव काढला, त्यात ताडोबाच्या वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचा बंदर नावाचा कोळशाचा ब्लॉकही होता. महाराष्ट्रात ओरड झाली. वर्तमानपत्रांनी छापलं, मंत्र्यांनी पत्रं लिहिली, आणि बंदर यादीतून वगळला गेला. तेव्हा तुम्हीसुद्धा, भावोजी, तुम्ही स्वतः मला ती बातमी पाठवली होतीत, "बरं झालं" लिहून. ताडोबा आपला. आपण तिथे जिप्सीत बसलोय, नातवंडांना वाघ दाखवलाय. मग दिब्रू-सैखोवा कुणाचं? तिथे आपण गेलो नाही म्हणून ते चालतं? तिनसुकिया मुंबईपासून लांब आहे, तिथल्या माणसाचा आवाज इथे येईपर्यंत बातमी शिळी होते, इतकाच फरक आहे. आणि या फरकाचाच फायदा घेतला जातो. जोरहाटजवळच्या होल्लोंगापार गिबन अभयारण्याच्या संवेदनशील क्षेत्रातही तेलाचा शोध घ्यायच्या प्रस्तावाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीनं हिरवा कंदील दाखवला. फक्त शोध, उत्पादन नाही, असं म्हणतात. तेल सापडल्यावर ते तसंच झाकून परत येणारी कंपनी मला कुणी दाखवा.

खूप लांबलं. आई विचारतेय कुणाशी भांडतेस.

पुतण्याला मी नावाड्याचा नंबर दिलाय. तुम्हीही कुणी तिकडे जाणार असाल तर मला मेसेज करा, त्याला विचारून नंबर देईन. मोठ्या रिसॉर्टात नको, गावातल्या घरीच राहा, होडीचे पैसे घासाघीस न करता द्या.

आणि ज्यांना आमदार-खासदारांच्या ओळखी आहेत, त्या तुम्हा सगळ्यांना एकच सांगायचंय. 16 जानेवारी 2020 ला केंद्रानं एक अधिसूचना काढली. तेल आणि वायूच्या शोधासाठीच्या प्रकल्पांना त्या दिवसापासून जनसुनावणी लागत नाही. त्याआधी निदान मांडव घालून, खुर्च्या मांडून, गावाला बोलवावं लागायचं, कुणीतरी उठून नको म्हणू शकायचं आणि ते कागदावर यायचं. ती अधिसूचना मागे घ्या, एवढंच मागा. माझा नावाडी तिथे जाईल. तो हो म्हणाला तर मी पुन्हा या विषयावर एक अक्षर लिहिणार नाही.